चाकांवरच्या खोलीचा गंज

पाझर तलावाचं काम, देवणीजवळ, जि. लातूर
ता. ९ मार्च १९८६

ती. बाबांना सप्रेम जयभीम, वि. वि.

मी खुशाल आहे. आईच्या गुडघ्यांना तेल लावता की नुसतं लांबून विचारता, ते खरं खरं कळवा.

दुपारी इथं काहीच हलत नाही. कामावरच्या बाया टोपल्या उपड्या टाकून बाभळीखाली आडव्या होतात, त्यांची लेकरं माझ्या खोलीत निजतात आणि मी दारात पाय सोडून बसते. समोर पांढरी पडलेली रानं. बघत राहिलं की वाटतं, खोलीच हळूहळू चालली आहे आणि रान मागं सरकतंय. तुम्ही ही चाकांवरची खोली केलीत तेव्हा मी शाळेत होते. रोज संध्याकाळी सांगायचात, आज खिडकी बसवली, आज फळी ठोकली. मग जमीन मोजणाऱ्या सर्वेवाल्यांनी ती नेली, पुढं नवा जिल्हा झाला, त्यांचं सामान लातूरकडं आलं आणि फिरत फिरत ती माझाच दवाखाना झाली. मला अजून याचं नवल वाटतं.

आता मुद्द्याचं. परवा चप्पल शोधायला खाली वाकले, तर ट्रेलरचा सगळा सांगाडा गंजलेला. नखानं खरवडलं तर पापुद्रे निघाले. दहा एप्रिलला लातूरहून ओव्हरसियर तपासायला येणार आहेत. त्यांनी गाडी नापास केली की ती भंगारात आणि मी ऑफिसातल्या टेबलावर. टेबलाचं भय नाही, बाबा. भय केवळाबाईचं आहे. ती इथं माती वाहते, तिला सातवा लागलाय. आधीची दोन्ही बाळंतपणं उदगीरच्या वाटेवर बैलगाडीत झाली आणि दोन्ही लेकरं गेली. हे काम संपलं की सगळ्या बाया सहा कोसांवरच्या दुसऱ्या तलावावर जातील. तिनं मला एवढंच विचारलं की अक्का, तुमची गाडी आली न्हाई तर म्या कुठं जाऊ.

म्हणून काल निळा रंग आणून सांगाडा रंगवून टाकला. छान दिसतोय. एवढ्यावर भागेल ना?

लोभ आहेच. तो आईच्या हातच्या तिखटाबरोबर पोस्टानंही पाठवत जा.

तुमची,
पंचशीला

विष्णुपुरी, नांदेड
ता. १४ मार्च १९८६

चि. पंचशीलास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र निळ्या रंगापर्यंत वाचलं, खाली ठेवलं आणि तंबाखू मळायला घेतली. गंजावर रंग देणं म्हणजे जखम न धुता पट्टी बांधणं. हे आता नर्सबाईला मी शिकवायचं काय?

तो सगळा रंग काढ. तारेच्या ब्रशानं खालचं लोखंड चकाकेपर्यंत घास, मग पॉलिश पेपर मार, मग रॉकेलच्या बोळ्यानं पूस. पाणी अजिबात लावू नकोस. कोरडं झालं की त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा हात दे, कारण उघडं लोखंड रातभर ठेवलं तर सकाळी पुन्हा तांबूस होतं. दुसऱ्या दिवशी दुसरा हात. त्यानंतर तुझा निळा दे, नाहीतर गुलाबी दे. पण सगळ्याआधी हातोडीनं वाजवून बघ. टणटण वाजलं तर लोखंड ठणठणीत. भद्द वाजलं तर आतून खाल्लेलं. पण तसं वाजणार नाही. सगळे जोड माझ्या हातचे आहेत. हणमंतराव मिस्त्री नवं गिऱ्हाईक आलं की माझं काम दाखवायचे, पोकळ पाइपांची दोन्ही टोकं अशी बंद केलेली की मुंगी आत शिरणार नाही.

ती खोली मला अजून स्वप्नात दिसते. तुझी आई खिडकीशी बसलेली, मी दारात, आणि पुढं ट्रॅक्टर नाही तरी ती गोदावरीच्या काठानं चाललेली असते. खरं तर मी तीत बसून कधी चार पावलंही गेलो नाही. रंग वाळला आणि लोक घेऊन गेले. पोटासाठी दुसऱ्याचं घर करणाऱ्यानं जास्त मनाला लावून घेऊ नये, पण लागतं.

आई म्हणते लग्नाचं विचार. विचारलं असं समज आणि उत्तर तिलाच दे. पत्राला उशीर करू नकोस, माया काही उशिरानं कमी होत नाही, पण जीव टांगणीला लागतो.

तुझा,
बाबा

देवणीजवळ
ता. २२ मार्च १९८६

ती. बाबांना जयभीम, वि. वि.

चार दिवस घासलं. बायाही जेवणाच्या सुट्टीत हात लावायच्या. गंज इतका उडाला की सगळ्यांचे पदर तांबडे झाले. मग हातोडी घेतली. पुढून वाजवत मागं गेले. टणटण, टणटण, आणि मागच्या डाव्या चाकाजवळ भद्द. तिथं वरच्या अंगाला स्क्रूड्रायव्हर टेकवला तर आत गेला.

बाबा, तुमचं काम मी नासवलं. याच कोपऱ्यात घमेल्यात लेकरांना आंघोळ घालते. पाणी फळीतल्या बोल्टाच्या भोकातून खाली सांगाड्यात जातं, ते मला माहीत होतं. जुलाबाच्या लेकरांसाठी मीठ-साखरेचं पाणीही तिथंच कालवते, तेही सांडतं. मीठ लोखंड खातं हे मला कळायला हवं होतं. लिहिताना रडू येतंय, म्हणून अक्षर असं.

देवणीचे माणिकप्पा गॅरेजवाले म्हणतात, वरून पत्र्याची पट्टी चिकटवून रंग मारला की ओव्हरसियरच काय, त्याच्या बापालाही कळणार नाही. मी हो म्हटलेलं नाही. पण नाहीही म्हटलेलं नाही. केवळाबाई रोज येऊन चाकाजवळ बसते आणि उठून जाते.

रागावा, पण लिहा. तुमच्या रागातही माझं घर आहे.

पंचशीला

विष्णुपुरी
ता. २७ मार्च १९८६

चि. पंचशीलास आशीर्वाद.

पट्टी चिकटवू नकोस. रस्त्यात चाक निखळलं तर आत बाळंतीण असेल, हे माणिकप्पांना सांग.

आता दुसरं. पाणी सांडतंच. ज्या घरात लेकरं आहेत तिथं ते सांडणारच. सांडलेलं पाणी आत साचून का राहिलं, ते मी सांगतो. हणमंतराव म्हणाले होते, भीमा, पोकळ पाइपच्या खालच्या अंगाला भोकं पाड, आत पाणी गेलं तर निघून जाईल. मी पाडली नाहीत. काम गुळगुळीत दिसावं, एवढ्यासाठी. त्यांनी विचारलं तेव्हा पाडली म्हणून सांगितलं. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला, वाकून बघितलं नाही. मुंगी शिरणार नाही म्हणून जी शेखी मी तुला लिहिली, तीच ती चूक.

बारा वर्षं हे कुणाला बोललो नाही. आज तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखवलं. तिनं उठून माझी पिशवी काढून ठेवली. येत्या गुरुवारच्या उदगीर गाडीनं येतो. माणिकप्पांना गॅस वेल्डिंगच्या टाक्या तयार ठेवायला सांग.

मला लाज वाटते आहे, पण तुझी नाही. माझी माया तुझ्यावर होती तशीच आहे.

बाबा

देवणीजवळ
ता. १२ एप्रिल १९८६

ती. आईला सप्रेम जयभीम.

बाबा जयंतीच्या आत घरी पोचतील. हे पत्र त्यांच्याच हाती देते आहे, त्यांच्याकडूनच वाचून घे. ते काही गाळतील, तर मी नंतर सांगेन.

माणिकप्पांनी टाक्या बैलगाडीत घालून आणल्या. बाबा जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली सरकले आणि आधी भोक पाडलं. आई, त्यातून पाणी आलं. तांबडं, लोटाभर, सावकाश. त्या वेळी बाया घागरी घेऊन टँकरची वाट बघत उभ्या होत्या, तीन दिवस तो आला नव्हता. ते पाणी मातीत जाईपर्यंत कुणी हललं नाही. आमच्या लेकरांच्या आंघोळीचं पाणी होतं ते, गाडी इतके दिवस ते पोटात घेऊन फिरत होती. बाबांच्या तोंडावरही थोडं पडलं. त्यांनी पुसलं नाही.

मग खाल्लेला तुकडा कापला, नवा जोडला, आणि चारी बाजूंना भोकं पाडली. आता ती सांगाड्यावर सरळ दिसतात. बाबा म्हणाले, दिसू देत.

दहा तारखेला ओव्हरसियर अण्णाराव आले. त्यांनी हातोडी उचलायच्या आधीच बाबांनी तो जोड दाखवला, मूळ चूक आपली होती हेही सांगितलं. मला वाटलं, संपलं सगळं. अण्णाराव बराच वेळ वाकून बघत राहिले. मग म्हणाले, मातीची पोती भरा आणि ट्रॅक्टरनं बांधावरून ओढा, टिकली तर बघू. बाबा पोत्यांबरोबर आत जाऊन बसले. कुणी उठवायला गेलं तर ऐकेनात. गाडी बांधावर चढली, उतरली, पुढं शेताशेतानं गेली. ते खिडकीशी बसून बाहेर बघत होते, तुझी आठवण काढत असतील. परत आले तेव्हा मी विचारलं, कसं वाटलं. तुझं नाव घेऊन म्हणाले, नागुबाई पाहिजे होती.

गाडी पास झाली. तुझ्या तिखटानं पत्राचं पाकीट लाल होतं, तरी पाठवत जा.

तुझी पंचशीला

विष्णुपुरी
ता. २४ मे १९८६

चि. पंचशीलास अनेक आशीर्वाद.

तुझी तार काल आली. केवळाबाई नव्या तलावावर, गाडीतच मोकळी झाली हे मला कळलं, पण तारेत नाव घालायचे पैसे तू वाचवलेस. मुलगी झाली, दोघी सुखरूप, एवढंच. तारवाल्या शेषेरावनं ते गल्लीत मोठ्यानं वाचलं आणि मला आजोबा म्हणून हात जोडले. तुझं लग्न झालेलं नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक. आईनं कपाळावर हात मारून घेतला.

मी आधी खुलासा करायला पाहिजे होता. केला नाही. दुकानातून साखर आणली आणि दारोदार वाटत सुटलो. घाईत निम्मी खाली सांडली. लोक विचारत, कुणाची मुलगी, आणि मी सांगत होतो की माझ्या गाडीत झाली. एवढं सांगून पुढच्या दारी. शेवटी तुझ्या आईनं घरोघर जाऊन खरं काय ते सांगितलं आणि घरी येऊन मला चांगलं झाडलं.

मग तिनं पेटीतलं नवं लुगडं काढलं, जयंतीला नेसायचं म्हणून ठेवलेलं आणि न नेसलेलं, आणि त्याच्या पदराचं झबलं शिवलं. सोबतच्या पुडक्यात आहे, केवळाबाईला दे. मी म्हटलं, केवढं मोठं शिवलंस. ती म्हणाली, असू द्या, पोरीला दोन पावसाळे तरी पुरलं पाहिजे.

तुम्हां तिघींवर आमचा लोभ आहे.

बाबा