एका दिवसाची सडक

१९ मार्च ५७. बोडीटोला

सावलीला मीटिंग. दोन तास ओट्यावर बसवून ठेवलं, मग ब्लॉकच्या साहेबांनी आत बोलावलं. सडक तयार. शेवटच्या दोन मैलांचं डांबर या आठवड्यात पुरं होतं. मोटारी सोडण्याआधी एक दिवस सडक लोकांना मोकळी. तीस तारीख. बायका, पोरं, म्हातारे, सगळ्यांनी यायचं, चालायचं, रोलर पाहायचा. ‘लोकांनी बांधली, लोकांनी आधी पाहावी.’ सा. हे दोनदा म्हणाले. कारकुनाने लिहून घेतलं.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. दोन उन्हाळे या सडकेपायी घरोघर फिरले. ग्रामसेविका म्हणून शिवणाचे वर्ग घ्यायला आले होते, आणि बायांच्या डोक्यावर मुरूम दिला. श्रमदान. माझीही टाळू दुखायची, पण माझा पगार चालू होता.

येऊन देवाजीभाऊंना सांगितलं. त्यांच्याच पडवीत राहते. त्यांची एक अख्खी धानाची बांधी सडकेच्या भरावाखाली गेली. बाकीचे कुरकुरत होते तेव्हा हाच माणूस उभा राहून म्हणाला होता, घ्या.

“मंग पहिली बंडी आपल्या गावची ना जी?”

“तुमचीच.”

बांधी घेतली तेव्हाही हेच सांगितलं होतं, पहिली बैलगाडी तुमची.

२१ मार्च

परत बोलावलं. एकटीला.

टाइप केलेला कागद हातात दिला. लोखंडी धावेच्या बैलगाड्यांस डांबरी सडकेवर मज्जाव. धावेने डांबर उखडते. गाड्यांनी कडेच्या कच्च्या वाटेने जावे.

कडेला वाट कुठे आहे? जुनी बंडीवाट तर भरावाखालीच गेली. उरलं ते बांध्यांमधून. पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल. म्हणजे सडक नव्हती तेव्हा धान सावलीच्या बाजारात जायचं, आता सडक झाली तर जाणार नाही. हे सगळं सा.ना म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, तेच कठीण.

“हुकूम वरचा आहे बाई. मी काय करू? पण तीसच्या आधी गावात बोलू नका. चांद्याहून फोटोवाला येतोय. बंड्या सजवून येऊ द्या. सडकेच्या तोंडाशी आडवी दांडी टाकलीय, तिथपर्यंत. नंतर हळूहळू कळेलच.”

मग दुसरा कागद पुढे केला. वरील हुकूम गावात दवंडी देऊन वाचून दाखवला. खाली माझं नाव.

“वाचून दाखवला नाही अजून.”

“दाखवाल की. तारीख आजची लागते.” आणि मग, फाईल बंद करता करता, “तुमचा वर्ध्याच्या बदलीचा अर्ज माझ्या टेबलावर आहे. तीस तारीख नीट पार पडू द्या.”

सही केली.

२२ मार्च

माझी बेबी सहा वर्षांची. तीन वर्षं आईकडे, वर्ध्याला. तिचे वडील गेले तेव्हा चालायलाही लागली नव्हती. मागच्या दिवाळीत मला पाहून आजीच्या पदरामागे गेली.

हे कारण नव्हे. पण लिहून ठेवते.

२४ मार्च

अंगणात गोवऱ्यांची रास पेटलेली. सावलीचे करीमभाई आले आहेत, चाकांना धाव चढवायला. लालभडक लोखंडी कडं चौघांनी चिमट्यांनी उचललं, चाकावर बसवलं, ठोकलं, वरून घागरी ओतल्या. वाफेत सगळे दिसेनासे झाले. देवाजीभाऊ पोरासारखे हसत होते. रेंगी, म्हणजे बसायची हलकी बंडी, त्यांची जुनी, लग्नातली. तीस तारखेसाठी दोन्ही चाकं नवी.

करीमभाई कपाळ पुसत म्हणाले, “बाई, सडक पक्की, तर धाव बी पक्की. वीस साल हिलणार नाई. गॅरंटी.”

मी चांगली झाली म्हटलं.

तानाबाईने, म्हणजे देवाजीभाऊंच्या बायकोने, सगळ्यांना गुळाचा चहा दिला. मला पहिला. मी घेतला नाही, पित्त झालंय म्हटलं. तिने जिऱ्याचं पाणी करून आणलं.

२७ मार्च

आईचं कार्ड. बेबीला गोवर येऊन गेला. आता बरी आहे. ‘तुला मुद्दाम कळवलं नाही.’

मुद्दाम.

२९ मार्च

आज सांगणार होते. संध्याकाळी प्रौढवर्गाला अकरा बाया. ता.बाईने फळ्यावर ‘सडक’ लिहिलं, न चुकता. मी म्हटलं, उद्याबद्दल एक सांगायचं आहे. सगळ्यांनी पाट्या खाली ठेवल्या. मग एकीने विचारलं, “लुगडं कोणतं नेसाचं जी?”

म्हटलं, धुतलेलं कोणतंही.

३० मार्च

ऊन चढायच्या आत गाव निघालं. एकोणीस बंड्या. शिंगांना रंग, जुवाला पळसाची फुलं. पुढे देवाजीभाऊंची रेंगी.

दांडीशी मंडप. दांडीपलीकडे सडक, काळी, सरळ, जंगलात शिरेपर्यंत दिसते. पायी सगळ्यांना सोडलं. बाया आधी कडेकडेने चालल्या, कोणाच्या घरात शिरल्यासारख्या. ता.बाई खाली बसली, तळवा टेकवला.

“माय वं! तव्यावानी हाये.”

पोरं धावत होती. एक म्हातारा रोलरच्या पाया पडला. मी हसले. मला वाटलं, होऊन जाईल. लोक पाहतील, दमतील, बंड्या तिथेच सोडून चालत राहतील, कोणाच्या लक्षात येणार नाही. खरंच असं वाटलं.

भाषण. ही सडक तुमच्या घामाची आहे. टाळ्या. मग फोटो. बंड्या दांडीसमोर ओळीने, सा. आणि सडकवाले साहेब मध्ये. मलाही बोलावलं. देवाजीभाऊंच्या बैलाशेजारी उभी राहिले.

फोटो झाला. जीप आली, दांडी वर झाली, जीप गेली, दांडी खाली.

देवाजीभाऊ रेंगीत चढले. “झाला ना फोटू? उचला मंग.”

शिपाई म्हणाला, “पायी जा. बंडी नाई जात.”

“काऊन?”

“धावेनं डांबर फाटते. हुकूम हाये. रबराचे चाकं लावून आणा.”

मंडपात कोणीतरी हसलं.

“बापा, मुरूम वाह्यला तो याच बंड्यांनी ना? तवा काही नाई फाटलं?”

शिपाई बिचारा वैतागला. दांडीच्या खांबाला कागद ठोकलेला, त्याच्याकडे बोट केलं. “गावात दवंडी झाली म्हणते. तुमाले कोणी सांगतलं नाई?”

देवाजीभाऊ वळले. रागाने नाही. मदत मागायला वळावं तसे.

“बाई, तुमाले मालूम होतं का?”

सगळे माझ्याकडे. खुर्चीतून सा. पण.

“नाही. मला माहीत नव्हतं.”

किती सहज निघालं तोंडातून.

“पाहा,” देवाजीभाऊ शिपायाला म्हणाले, “बाईले बी नाई सांगतलं.” माझी बाजू घेऊन बोलले.

अरुंद भराव, त्यावर एकोणीस बंड्या वळवायच्या. बैल बुजले. एक बंडी कडेवरून घसरली, तिघांनी चाकाला खांदा लावला तेव्हा वर आली. मंडपात तोवर बुंदी वाटत होते. परत येताना मी चालत आले. रेंगीत बसा म्हणाले, बसले नाही.

३१ मार्च

रिपोर्ट पाठवला. उपस्थिती उत्तम. लोकांत उत्साह.

१ एप्रिल

पाडवा. गुढ्या उभ्या. ता.बाईने पुरण दिलं. अजून काही कळलेलं नाही तिला. माझ्यासाठी हळहळते. “तुमाले बी फसवलं जी त्यायनं.”

पुरण खाल्लं. पूर्ण.

३ एप्रिल

दुपारी ता.बाई दारात उभी. आत येत नव्हती. सावलीहून बाजार करून येताना दांडीशी थांबली होती म्हणे. खांबावरचा कागद वाचायला. एकटीने. किती वेळ लागला असेल.

“बाई, ‘प्रत’ म्हंजे काय जी?”

शिकवायची सवय. लगेच सांगितलं. “तसाच दुसरा कागद.”

“खाली लिवलं हाये. प्रत, ग्रामसेविका, बोडीटोला.” एकेक अक्षर सुटं सुटं म्हणाली. “मंग तो दुसरा कागद तुमच्यापाशी हाये?”

काही बोलता आलं असतं. मिळाला नाही, उशिरा आला. तिने मान्यही केलं असतं.

“हो.”

“कवापासून?”

“आठ-दहा दिवस आधीपासून.”

तिने माझ्या हातांकडे पाहिलं. मग “बरं,” म्हणाली आणि गेली.

सहीचं सांगितलं नाही मी. तिने विचारलं नाही.

४ एप्रिल

वर्गाला कोणी आलं नाही. फळा पुसून ठेवला.

६ एप्रिल

सकाळी नऊच्या सुमाराला देवाजीभाऊंनी रेंगी जुंपली. मला वाटलं शेतात. तासाभराने गावातला एक जण धावत आला. दांडीला कुलूप होतं, भाऊंनी ते दगडाने तोडलं, दांडी वर केली आणि रेंगी सडकेवर घातली. मैलभर गेले. घाईने नाही, बैल चालतील तसे. मागे ता.बाई बसलेली, नवं लुगडं नेसून.

समोरून सडकवाल्यांची मोटर आली. रेंगी जप्त. बैल सोडून दिले. दोघं बैल धरून पायी परत.

मी अंगणात उभी होते. ता.बाई माझ्या बाजूने गेली, आत जाऊन चूल पेटवली.

भाऊ म्हणाले, “मस्त चालते जी रेंगी त्यावर. आवाजच नाई होत.”

९ एप्रिल

सावली. सा. रागात. सरकारी मालाची मोडतोड, हुकमाचा भंग, खटला भरला. चांद्याला पेशी, पंधरा तारीख, अकरा वाजता. रेंगी तर जाईलच, दंड नाहीतर कैद.

“म्हणतो, मला कोणी सांगितलं नाही. पण आपल्याकडे तुमचा सहीचा कागद आहे. तेवढा पुरे. तुम्हाला कोर्टात यायची गरज नाही.”

मग ड्रॉवर उघडून बदलीचा हुकूम दिला. वर्धा. सोळाला हजर व्हायचं.

“तो कागद खरा नाही, साहेब.”

सा.नी वर पाहिलं. आवाज चढवला नाही. “मग तसं सांगा जाऊन. खोटी सही केली म्हणून. नोकरी जाईल. मग मुलीला काय खायला घालाल?”

हुकूम पिशवीत ठेवला. धन्यवाद म्हटलं. का म्हटलं?

११ एप्रिल

संध्याकाळी देवाजीभाऊ ओट्यावर येऊन बसले. “बाई, तुमी शिकलेल्या. पेशीत काय बोलू?”

“खरं तेच बोला.”

कोणत्या तोंडाने.

“तेच बोलीन. कोणी नाई सांगतलं.” आणि मग, “बाईले बी मालूम नव्हतं, हे बी सांगीन. नाईतर तुमच्यावर येईल.”

आत भांडं जोरात आपटलं. म्हणजे ता.बाईने त्यांना सांगितलेलं नाही. मला वाचवायला नाही, नवऱ्याला वाचवायला. त्यांचा माझ्यावरचा विश्वास मोडला तर पेशीत उभं राहायला त्यांच्याकडे काय उरतं?

की मीच हे सोयीने लावून घेते आहे.

१४ एप्रिल

ट्रंक भरली. बायांनी शिवलेली झबली-टोपरी वर्गाच्या पेटीत ठेवली, यादी केली. सहीचा कागद सा.च्या फाईलला. माझ्याकडे हुकमाची प्रत, तारखेसकट, शिक्क्यासकट. हुकूम माझ्यापर्यंत आला होता याचा पुरावा. फाडणार होते. फाडली नाही. ट्रंकेत नाही ठेवली, पिशवीत ठेवली. याचा अर्थ काही नाही.

आईला परवाच लिहिलं, पंधराला पोचते. बेबीला स्टेशनवर आणू नकोस, ऊन आहे.

१५ एप्रिल. चांदा, मोटर स्टँड

सातची मोटर. नव्या सडकेवरून आठवडाभर सुरू आहे. दांडीशी देवाजीभाऊ आणि ता.बाई उभे होते. मला माहीत असायला हवं होतं, चांद्याला जायला दुसरं काय आहे. ते मागच्या बाकावर बसले. मी पुढे, बायांच्या सीटवर.

एका ठिकाणी भाऊंचा आवाज आला. ता.बाईला सांगत होते, “आपली बांधी इथी होती.” मोटर पुढे गेली. धक्का नाही, हादरा नाही, फार चांगली सडक आहे.

साडेनऊला पोचलो. माझी गाडी बारा वाजता. कोर्टाची कचेरी इथून चालत पाव तास, कंडक्टरला विचारलं. स्टेशन उलट्या बाजूला.

उतरले तर देवाजीभाऊ आधीच मोटरच्या टपावर चढलेले. माझी ट्रंक कोणी न सांगता खाली घेतली, खांद्यावर ठेवली. ता.बाई पिंपळाखाली उभी. आज पहिल्यांदा सरळ माझ्याकडे पाहत होती.

“कुठी नेऊ, बाई?”

मी म्हटलं, थांबा जरा. पाणी पिऊन या.

त्यांनी ट्रंक खाली ठेवली आणि नळाकडे गेले. मी तिच्यावर बसून हे लिहिते आहे. पिशवी मांडीवर. नळावर गर्दी होती, आता त्यांचा नंबर आला. ओंजळीने पीत आहेत. तोंड पुसलं. येताहेत.