गुरुवारचा तास

दि. ७ जुलै

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

काल दुपारी डोळा लागता लागता आपल्या मास्तरांचा डस्टर ऐकू आला. कविता शिकवताना ते टेबलावर ताल धरायचे, टक् टक् टकाटक्, आणि खडूची धूळ पहिल्या बाकापर्यंत यायची. त्या आवाजापायी मी जन्मभर मराठी शिकवलं, आणि निवृत्तीनंतर तुझ्या बालवाडीत गुरुवारचा गाण्यांचा तास धरला.

आता तक्रार. तोंडावर सांगितली की तू हसतेस, म्हणून पत्र. तू आणलेल्या त्या नव्या बाईने, गळ्यात भिंग लटकवणारीने, माझी मुलं फितवली. पेल्यात ओला कापूस, त्यावर वाल. रोज बघायचं, रोज चित्र काढायचं, मग स्वतः मूळ होऊन जमिनीवर वळवळायचं. विज्ञान आणि कला म्हणे एकाच ताटात. असू दे. पण काल सकाळी मी माझी बियाची कविता म्हणत होतो, ‘पान आधी डोकावले, मूळ मागून धावले’, तर शिंप्याची लेक उठून म्हणाली की आजोबा, आधी मूळ येतं. लगेच सगळी पोरं माझ्याच तासाला वळवळायला लागली. भिंगवाली दारात होती. हसली नाही, पण न हसण्याचीही एक तऱ्हा असते.

तिला वेगळी खोली दे. तोवर मी येत नाही. तब्येतीला जप.

तुझा, अजून जळून खाक न झालेला,
दादा


दि. १२ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

खाक नसशील, पण धूर इथवर आला. वेगळी खोली कुठून आणू? एक हॉल, एक पडवी, नळापाशी कायमचं ओलं. खिडकीत तिचे पेले, फरशीवर रंग, आणि पुसायला मी. आमच्या दुसऱ्या बाई गातात छान, पण बूच का तरंगतं विचारलं की पळ काढतात. हिला सगळं ठाऊक, तर हिचा सूर ऐकून मुलं कान झाकतात. दोन्ही जमणारं माणूस मला कोण घडवून देणार?

त्यात पालक चिडलेत. वह्या कोऱ्या, कपडे रंगलेले. सगळ्यांत पुढे ते औषधांच्या दुकानाचे मालक. पुढच्या शनिवारी, बावीसला, बैठक आहे. मागणी सरळ आहे: हिचा तास बंद करा आणि तो वेळही आजोबांना द्या. कारण काय, तर तुझ्या तासाला मुलं गप्प बसतात आणि कपडे धुवावे लागत नाहीत.

तू तिच्या बाजूने एक शब्द टाकलास तर ते ऐकतील. नाहीतर तिला जावं लागेल. मी गळ घालत नाहीये. बरं, घालतेय.

तुझी, फरशी पुसणारी,
चिंगी


दि. १८ जुलै

चि. चिंगीस,
अ. उ. आ.

जिंकलो म्हणून आधी खुदकन हसलो. मग ते कारण पुन्हा वाचलं. गप्प बसतात म्हणे. माझी कविता म्हणजे झोपेचं औषध झाली की काय.

पोरांना खोटं पाडायला मीही पेल्यात वाल घातला होता. आधी मूळच आलं. ओळ उलटवून पाहिली: ‘मूळ आधी डोकावले, पान मागून धावले.’ वृत्त जरासुद्धा मोडत नाही. मोडलं असतं तर बरं वाटलं असतं.

तरीही बैठकीत मी तोंड उघडणार नाही. तिच्यापाशी तरुण गुडघे आहेत, पोरांबरोबर जमिनीवर लोळता येतं. माझ्यापाशी एक गुरुवार. तो आपण होऊन मोठा होत असेल तर मी का नको म्हणू? म्हण मला कोत्या मनाचा.

थांब, दार वाजतंय. दूधवाला असेल.

दूधवाला नव्हता. भिंगवाली आहे. बाहेरच्या खोलीत बसलीय. पाणी आणतो म्हणून आत आलो आणि हे लिहितोय. मला वाटलं, गयावया करायला आली. पण बैठकीचं तिने नावसुद्धा काढलं नाही. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली की ती माझ्यावर जळते. आठवडाभर ती पोरांना मूळ दाखवते, आणि घरी जाताना पोरं माझी ओळ गुणगुणतात. मी आलो नाही तरी. चूक आहे हे कळूनसुद्धा. ते कसं करता तेवढं मला शिकवा, आणि जमलं नाही तर माझ्या तासाला गायला बसा, म्हणाली.

चिंगे, आजवर माझ्यावर कुणी जळलं नव्हतं गं.

शनिवारी माझी खुर्ची त्या औषधवाल्यांच्या अगदी समोर मांड. पाण्याचा पेला हातातच राहिलाय, जातो. लोभ आहे तो वाढू दे, आणि हे पत्र तिला दाखवू नकोस.

तुझा,
दादा