गोड पाणी डाळीला

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगते. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार आहे.

आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेते. जीपमध्ये ती खिडकीशी बसते, मांडीवर अर्ध्या लिटरची बाटली. दिवसभरात पाणी तेवढंच, गोळ्या गिळायचं धरून. वाटभर मी तुमच्या नावानं खडे फोडते आणि ती तुमची बाजू घेते. "त्यायले काय मालूम होतं, बाई?" परवा म्हणाली. मी म्हटलं, सारं मालूम होतं.

तुम्हाला पाण्याची पारख आहे, असं सगळं गाव मानायचं. आपल्या हापशीच्या खाऱ्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, म्हणून तुम्ही नदीपलीकडच्या विहिरीवरून सायकलला दोन कॅन लावून गोड पाणी आणायचात. ते डाळीला, आणि पाहुण्यांच्या चहाला. एकदा शेतातून आल्यावर आईनं त्यातलं तांब्याभर घेतलं, तर प्यायला हापशी नाही का, म्हणून तुम्ही चारचौघांत तिला बोललात. पुन्हा तिनं त्या कॅनला हात लावला नाही. डाळ कच्ची राहिली की तुम्हाला दिसायचं. माणसाच्या पोटात काय होतं ते दिसत नाही, म्हणजे ते नसतंच. एवढीच तुमची पारख. आईची जीभ तर अशी बिघडवलीत की आजही ती फिल्टरच्या पाण्याला फिकं म्हणते.

मग एक दिवस पाणी तपासणारा माणूस आला, हे पिऊ नका म्हणाला आणि हापशीला लाल रंग मारून गेला. "माह्या बापानं हेच पेलं, त्याले काय झालं?" असं तुम्ही त्याला तोंडावर ऐकवलंत. दुसऱ्या दिवशी मेहकरचे पाहुणे मला बघायला येणार होते आणि हापशी आपल्या दारात. "लाल रंग पाहून पाव्हणे चहाले तरी बसतीन का?" एवढीच तुमची काळजी. बैलगाडीचा उरलेला निळा रंग काढून संध्याकाळपर्यंत तुम्ही हापशी निळी केलीत. माझं लग्न जमलं. तुम्ही ते पाणी पिताय हे पाहून गावही पुढे कित्येक वर्षं तेच पीत राहिलं. तुम्ही स्वतः मात्र हृदयाच्या झटक्यानं, मूत्रपिंडं शाबूत ठेवून गेलात. त्याचाही मला राग येतो.

एवढं मी सगळ्यांना सांगते. पुढचं कोणालाच सांगितलेलं नाही. निळ्या रंगाचा डबा काढण्याआधी तुम्ही त्या माणसानं दिलेला कागद माझ्यापुढे धरता. तुम्हाला वाचता येत नाही, आणि तोंडी शब्दावर तुमचा विश्वास नाही. "कागदावर असन तर मानतो," म्हणता. "वाच." वर आकडे आहेत. खाली मोठ्या अक्षरात लिहिलंय, पिण्यास अयोग्य. मुलाचा फोटो मी पाहिलेला आहे आणि मला ते स्थळ हवं आहे. मी म्हणते, "पाणी जड हाये म्हणते, बाबा. डाळ शिजत नाही, बस." तुम्ही मान हलवता, कागदाची घडी खिशात घालता आणि रंग शोधायला आत जाता.

उद्या पुन्हा आईला घेऊन जायचंय. जीपमध्ये मी तुम्हालाच शिव्या देईन.