कुणाची हरकत असेल तर

२ नोव्हेंबर, रविवार

झालं एकदाचं! भर चर्चमध्ये पाळकसाहेबांनी माझं आणि शशिकांतचं नाव एका दमात घेतलं. लग्नाआधी तीन रविवार असं जाहीर करायचं आणि विचारायचं — कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा. मागच्या बाकावर कोणीतरी खोकलं आणि माझा जीव जाऊन परत आला. पन्नाशीची बाई मी, आणि कान गरम! शशिकांत क्वायरमध्ये उभा. पुढच्या गीतात दोनदा चुकला. तसा तो नेहमीच चुकतो, आज मात्र गोड वाटलं.

आई आल्या नाहीत. “गुडघे दुखतात.” काल याच गोजरबाई आढाव बाजारातून दोन पिशव्या उचलून आल्या होत्या! माझा नवरा अनीश गेल्यापासून आम्ही सासू-सुना दोघीच या घरात. कधी आवाज चढला नाही. लग्नाचं सांगितलं त्या दिवसापासून बोलणं फक्त कामापुरतं. “दूध आलं.” “गॅस बंद कर.”

४ नोव्हेंबर

चहात चुकून साखरेऐवजी मीठ घातलं! आईंनी सगळा प्यायला, कप विसळून ठेवला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

५ नोव्हेंबर

कॅम्प पाचच्या बाजारात गेले, लग्नाची साडी घ्यायला. शशिकांतचं पंखे दुरुस्तीचं दुकान तिथेच, म्हणून शटर ओढून तोही आला. साडीवाले सिंधी काका म्हणाले, “भाभी, बेटी की शादी है?”

“नहीं साईं, मेरी!”

काकांनी फिक्या साड्यांचा गठ्ठा एका हाताने बाजूला सारला. “अरे, तो पहले बोलना था ना!” आणि मोरपिशी खांद्यावर टाकली. शशिकांत “छान दिसतेस” म्हणाला आणि लगेच छताकडे बघायला लागला. पंचावन्न वर्षांचा ब्रह्मचारी! घेतलीच मोरपिशी.

रिक्षात पुन्हा विचारलं — आई आपल्याकडेच राहतील ना?

“अगं, किती वेळा? त्यांची खोली रंगवून झालीये. पण त्या यायला पाहिजेत ना.”

तेच तर.

९ नोव्हेंबर, रविवार

दुसऱ्यांदा जाहीर झालं. घरी आले तर आईंची पेटी दाराशी, आत लुगडी घड्या घालून.

“नगरला जाते, विठाकडं. सख्खी भाची हाये. दोन घास घालील.”

“आई, तुमच्याशिवाय मी कुठेही जाणार नाही.”

“मग नको जाऊ.”

संपलं. घासलेलीच भांडी पुन्हा घासत बसले. मोडून टाकू का लग्न? खरंच मनात आलं. एकदा नाही, प्रत्येक भांड्यागणिक आलं.

११ नोव्हेंबर

माझी लाच चालू आहे. काल त्यांच्या आवडीचे शेंगोळे. आज पाय चेपले. उद्या चष्म्याची नवी फ्रेम. तरी पेटी दाराशीच.

संध्याकाळी बायकांच्या प्रार्थनेत पाळकबाई अस्मिता म्हणाल्या, “कृपा कमवायची नसते गं. पदरात पडली की घ्यायची.” सगळ्यांनी आमेन म्हटलं, सगळ्यात जोरात मी. बाहेर चपला घालताना ट्यूब पेटली — अरे, मी तर आईंची मर्जी शेंगोळ्यांवर विकत घेतेय! आणि देवबापाशीही हाच व्यवहार! इतकी वर्षं सासूला सांभाळलं, म्हणून शशिकांत बक्षीस मिळाला — असं मनाच्या कोपऱ्यात होतंच की. हट्! माझ्या कुठल्या पुण्याईने नाही मिळाला. देवबापाला द्यावासा वाटला, दिला. एवढंच? एवढंच! रस्त्यात हसूच फुटलं.

चंदू भाजीवाला म्हणाला, “काय मावशी, लॉटरी लागली काय?”

“लॉटरीचं निदान तिकीट तरी काढावं लागतं रे!”

१२ नोव्हेंबर

आज आईंसाठी खास काही केलं नाही. साधं पिठलं. समोर बसले आणि सांगून टाकलं — “नगरला जायचं तर जा. मी तिथे येत राहणार, दार लावलंत तरी. राग हवा तितके दिवस धरा. माझी माया त्यावर अवलंबून नाही.”

त्यांनी घास थांबवला. मला वाटलं, आता!

“पिठल्यात गाठी झाल्यात.”

त्यांनी माफ केलेलं नाही, आणि मला मात्र पिसासारखं हलकं वाटतंय. वेड लागलंय. मोरी धुताना रडले, मग मोरपिशी नेसून घरभर फिरले!

१५ नोव्हेंबर

आरशासमोर “अहो” म्हणून पाहिलं. आधी अनीशच आठवला. वाईट वाटेल असं वाटलं होतं, नाही वाटलं. एकावर प्रेम केलं म्हणून दुसऱ्याच्या वाट्याचं कमी होत नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!

उद्या शेवटचा रविवार. नगरच्या गाडीची आईंनी शेजारच्या उन्नतीकडे चौकशी केलीये.

१६ नोव्हेंबर, रविवार

आई आल्या. उशिरा, एकट्या, शेवटच्या बाकावर. पाळकसाहेबांनी वाचलं, “दिवंगत अनीश आढाव यांची विधवा मालिनी...” आणि हरकत विचारली.

आई उठल्या. “माझी हाये.”

सगळी डोकी मागे वळली. शशिकांतच्या हातून गीतांचं पुस्तक पडलं. मी डोळे मिटून घेतले.

“विधवा काय वाचता, पाळकसाहेब? गोजरबाई आढावची लेक म्हणा. अन् मोठ्यानं म्हणा.”