पाणी आहे असं समजा

तीर्थरूप ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार (आठांतलं एक अंग, म्हणजे उजवा गुडघा, सध्या टेकत नाही, तेव्हा नमस्कार सात अंगांचा धर आणि आशीर्वाद मात्र पूर्ण दे).

तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं, औषध घ्या, पण अडचणीचा प्रश्न आला की खोकून विषय बदलायची तुमची हातोटी तेवढी जपा, आमच्या घरात तिचं फार कौतुक आहे. आम्ही सगळे मजेत. खाणीतला सुरुंग दुपारी अगदी वेळेवर उडतो, त्यामुळे भिंतीवरचं घड्याळ बंद पडून वर्ष झालं तरी कुणाचं अडलेलं नाही. पत्र लिहायला तसं काही कारण नाही आणि मला तुझ्याकडून काहीही नको आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण "तिचं पत्र आलं म्हणजे काहीतरी हवंय" असं तू म्हणालीस, हे माझ्या कानावर आलं आहे (सांगितलं भावोजींनीच, पण माझं नाव पुढे करू नकोस).

तर बातमी अशी, की तुझी बहीण प्लंबर झाली. पोटभर हसून घे, मग पुढे वाच.

आमच्या कंपनीचं आमच्यावर भारी प्रेम आहे, हे तुला माहीत आहेच. खाण थोडी पुढे सरकली की ते उफाळून येतं. शाळेचं मैदान खाणीत गेलं त्या वर्षी कंपनीने संगणकाचा वर्ग काढला. मागची टेकडी गेली त्या वर्षी ब्यूटी पार्लरचा कोर्स आला. (तेव्हा वस्तीतल्या प्रत्येक बाईने दुसरीच्या भुवया कोरल्या, आणि सगळ्यांच्या कोरून झाल्यावर गिऱ्हाईकच उरलं नाही.) यंदा विहिरी आटल्या, म्हणून नळकाम. विहिरींचा आणि खाणीचा काही संबंध नाही, असं कंपनीने आम्हाला सभा घेऊन, बिस्किटं वाटून समजावलं आहे. खाण खोल गेली आणि त्याच सुमारास पाणीही खोल गेलं; दोघांना एकदमच खाली जावंसं वाटलं, त्याला कोण काय करणार? घरोघरी नळ आहेत, तेही कंपनीनेच बसवलेले. माझ्या नळाला मी किसणी अडकवते. पाणी येतं ते एक दिवसाआड टँकरने, आणि टँकरवर कंपनीचं बोधचिन्ह इतकं मोठं रंगवलंय, की आत पाणी किती उरलंय ते बघायला जागा सापडत नाही.

मी नाव घालायला गेले होते शिवणाच्या वर्गात. पण तो भरला होता. नळकामाच्या टेबलावर मात्र माश्या मारत बसलेले आमचे कल्याणसाहेब. (कंपनीच्या समाजकल्याण खात्याचे साहेब, म्हणून आम्ही ठेवलेलं नाव. तरुण पोरगा, कडक इस्त्रीचा, आणि बोलताना नेहमी कुणीतरी फोटो काढतंय असा चेहरा.) वर्गात निम्म्या बायका हव्यात असा त्यांना वरून हुकूम होता, आणि तोवर आली होती फक्त शेजारची शिंपीण, तीही शिवण आधीपासून येतं म्हणून. मला बघताच साहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "काकू, तुमच्या हातात कसब दिसतंय!" माझे दोन्ही हात तेव्हा पिशवीखाली होते. पण ताई, खरं सांगते, इतक्या वर्षांत माझ्या हातांबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं. मी सही ठोकली.

आमचे हे भडकले. "बायकांनी पाने फिरवायचे, मग मी काय करू?" म्हणाले. (हे गेटवर पहारेकरी आहेत, म्हणजे दिवसभर एक दांडा वर करतात आणि खाली करतात, त्यापुढे पाना फिरवणं म्हणजे कसबच म्हणायचं.) संध्याकाळी शिंपिणीचा नवरा सांगत आला, की हे गेटवर प्रत्येक ट्रकवाल्याला थांबवून "आमची मंडळी टेक्निकल लाइनला गेली" असं ऐकवत होते.

आता आमचे मास्तर. माणूस देवासारखा, पण आला होता भरपूर पाणी असलेल्या गावाहून. पहिल्या दिवशी त्याने मोठ्या हौसेने भिंतीवरची तोटी फिरवली, आणि आतून एक कोळी बाहेर आला. मास्तरांनी पाणी मागितलं. कल्याणसाहेब म्हणाले, प्रशिक्षणाच्या खर्चात पाणी बसत नाही, ते लोकोपयोगी कामांत येतं, आणि लोकोपयोगी पाणी प्रशिक्षणाला वापरलं तर लोकांवर अन्याय होईल. झालं. त्या दिवसापासून आमचा सगळा कोर्स एका शब्दावर चालला : समजा. "इथून पाणी आलं असं समजा. इथे गळतंय असं समजा. आता तुम्ही वॉशर बदललात, गळायचं थांबलं असं समजा." आम्ही समजत गेलो. गळती ओळखायची कशी, असं मी एकदा विचारलं, तर मास्तर बिचारे छताकडे बघत म्हणाले, "ओलं लागतं, काकू." पाइप जोडून झाला की मास्तर एका टोकाने फुंकायचे आणि आम्ही दुसऱ्या टोकाला गाल लावायचो. वारा लागला की पास. माझा गाल या वर्गात इतक्या वेळा पास झालाय, की तेवढ्यावर मी कुठल्याही हॉस्पिटलात पेशंटचा श्वास तपासायला नोकरीला लागले असते.

इथवर गंमतच होती. मग कळलं, की कंपनीच्या कॉलनीतल्या पंपघराला एक माणूस हवाय आणि तो आमच्याच वर्गातून घेणार. (कॉलनीत, म्हणजे साहेबलोक राहतात तिथे, नळांना चोवीस तास पाणी असतं. त्यांचं पाणी बहुधा खोल जायच्या विचाराचं नसावं.) आणि त्याच आठवड्यात यांच्या गेटवर आपोआप वर जाणारा दांडा बसवला. त्याला ना पगार, ना जेवणाची सुट्टी. यांना सांगितलं, महिनाअखेरपर्यंत या. त्या रात्री हे जेवले नाहीत. मीही नाही. सकाळी उठले आणि वर्गात सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. ताई, तोवर मी हसत पाने फिरवत होते. त्या दिवसापासून दात-ओठ खाऊन फिरवायला लागले. ती जागा मला हवीच होती.

कोर्सच्या शेवटी मोठ्या ऑफिसातून मोठे साहेब येणार ठरलं. आम्ही अख्खी भिंत सजवली : दोन बेसिन, एक शॉवर, नळांची रांग. प्रत्येकाने एकेक जोड करायचा. माझ्या वाट्याला टोकाच्या बेसिनखालचा जोड आला. मी टेप गुंडाळली, पिळून आवळला, हात फिरवला, गाल लावला. सुरेख! त्या सकाळी कल्याणसाहेबांनी हौसेखातर छतावरची टाकी भरून घेतली, आणि ती भरली आमच्या गल्लीच्या टँकरने. त्या दिवशी पाळी आमची होती. बादल्या घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायकांना सांगितलं, की कार्यक्रमाला या, चहा आहे. बायका आल्या, पण बादल्या घेऊनच.

मोठ्या साहेबांनी भाषण केलं, टाळ्या झाल्या आणि त्यांनी नळ फिरवला. पाणी आलं. नळ सोडून सगळीकडून आलं. वरच्या मुख्य पाइपाचा पहिलाच जोड सुटला (शिंपिणीचा, तिने टेप उलटी गुंडाळून वर सुबक गाठ मारली होती), त्यामागे दुसरा, तिसरा, आणि बंद असलेला शॉवर नुसत्या उत्साहाने भिंतीतून बाहेर आला. मोठे साहेब नखशिखांत भिजले. कल्याणसाहेब त्यांना पुसायला धावले आणि घसरून त्यांच्याच पायाशी बसले. मास्तर ओरडले, "व्हॉल्व्ह! व्हॉल्व्ह बंद करा!"

आणि इथे तुला सांगते, इतक्या महिन्यांचं शिक्षण एका क्षणात वाहून गेलं. व्हॉल्व्ह कुठे आहे ते वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण ताई, समोर पाणी पडत होतं! खरं पाणी, धो धो, आमच्या गल्लीचं! वाहतं पाणी बंद करावं असं एकाच्याही मनात आलं नाही. बादल्या लागल्या, मग चहाची पातेली लागली, कुणी खुर्च्या उलट्या करून लावल्या, कुणी पुष्पगुच्छ काढून टाकून फुलदाण्या भरल्या. शिंपिणीने स्वतःच्याच सुटलेल्या जोडाखाली पिंप आणून ठेवलं आणि भरेपर्यंत हलली नाही. व्हॉल्व्हच्या सगळ्यात जवळ होते मी, हातात पाना. मास्तर माझ्या दिशेने यायला लागले, तशी मी व्हॉल्व्हला पाठ लावून उभी राहिले. "काकू, बाजूला व्हा!" ते म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, बंद केलंय असं समजा."

टाकी रिकामी झाली तेव्हाच मी तिथून हलले. कंपनीच्या मासिकात याचा फोटो आला, खाली "प्रात्यक्षिकाला ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद". आमच्या गल्लीत त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना पुरून उरेल एवढं पाणी मिळालं. जागेचा निकाल अजून लागायचा आहे. लागेल तेव्हा लागेल. मी काही त्यात जीव अडकवून बसलेली नाही. भावोजींना नमस्कार, बाकी सगळं क्षेम.

तुझी,
धाकटी

ता. क. तुझ्याकडे एखादा नळ गळतोय का? गळत असला तर कुणाला बोलवू नकोस, मी रविवारी येते. गळत नसला तर भावोजींना म्हणावं, मोरीतल्या नळाचा वॉशर तेवढा खराब करून ठेवा. आणि तेव्हा घरात कुणी पाहुणे असू देऊ नकोस.

ता. क. चा ता. क. खोटं बोलले. निकाल परवाच लागला. पंपघराची जागा मला मिळाली. मोठे साहेब म्हणाले म्हणे, की सगळे लुटालूट करत असताना एकच बाई कर्तव्य म्हणून हातात पाना घेऊन व्हॉल्व्हकडे धावली, ती कोण? फोटोत मी दिसतेही तशीच. यांनी तो कापून घडी करून खिशात ठेवलाय आणि गेटवर शेवटचे चार दिवस सगळ्यांना दाखवतायत. घरात सगळे खूश आहेत. मीही आहे. पण ताई, त्या दिवशी पाणी वरच संपलं, टोकाच्या बेसिनपर्यंत आलंच नाही. माझा जोड कोरडा राहिला. तो टिकला असता की सुटला असता, ते मला माहीत नाही. मास्तरांना माहीत नाही, कंपनीला तर नाहीच. सोमवारी सगळ्या कॉलनीचं पाणी माझ्या हातात देणार आहेत, आणि मला भीती वाटते गं. म्हणून रविवारी येते. मी बंद केलेला नळ खरोखर बंद राहतो का, तेवढं एकदा मला बघू दे.