कवायतीच्या हॉलची भिंत

मंगळवार, संध्याकाळ. जर्सी सिटी

वाचली भिंत! माझ्यामुळे! सैनिकांच्या जुन्या कवायतीच्या हॉलची भिंत आत झुकलीय, पाडायची, असं आमचे इंजिनीयर देशपांडेकाका एकाच जागी मोजून म्हणत होते. मी विटा वाहणारा, सातवी नापास, मला कोण विचारतंय? तरी वडिलांचा ओळंबा, दोरीला बांधलेलं वजन, काढला, छताच्या प्रत्येक कमानीपाशी भिंतीला बाहेरून लावला. सगळीकडे तेवढीच, चार बोटं तिरकी. म्हणजे झुकली नाही, बांधलीच तशी! एवढ्या हॉलला मधे एक खांब नाही. लोखंडी कमानींचा रेटा भिंतीनेच सोसायचा, म्हणून पायाशी जाड, वर निमुळती ठेवलेली. काकांना हे सांगितलं.

"गाढवा, आधी का नाही बोललास?"

"काका, तुम्ही बोलू कुठे देता?"

हसले. स्वतः ओळंबा लावून बघितला. म्हणाले, उद्यापासून तू विटा वाहायच्या नाहीत, रचायच्या!