छातीभर पाण्यातलं मौन

लिगारिया,
मारियामातेच्या सणानंतरचा सोमवार

ती. कालिरोईवन्सं यांना मोस्खूलाचा नमस्कार, आणि कोणाची दृष्ट लागू नये म्हणून इथूनच तीनदा थू थू. तुमचे गुडघे कसे आहेत? मेलबर्नला सध्या कडाक्याची थंडी म्हणे. ऑगस्टात थंडी पडते अशा देशात माणसाने जन्म काढावा तरी कशाला, हे मला अजून उमगलेलं नाही, पण ते असो. इकडे सगळं ठीक. तुमचे बंधू ठणठणीत आहेत, जेवतात, झोपतात, आणि मधल्या वेळात कॉफीच्या दुकानात बसून जगाची चिंता करतात. (घरात रक्तदाब वाढलेला आहे, पण तो माझा.) फोन असताना पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर वन्सं, फोनवर तुम्ही मला एक वाक्य धड पुरं करू देत नाही. मी ‘आज’ म्हटलं की तुम्ही ‘काल’पासून सुरू करता. पत्रात तुम्हाला मधे बोलता येत नाही. म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून, चष्मा पुसून बसले आहे, आणि शेवटपर्यंत मीच बोलणार आहे.

गोष्ट आपल्या किनाऱ्याची आहे. तुम्ही गेलात तरी नेम काही मोडलेला नाही. कोंबड्यांना दाणे टाकायचे, मंद आचेवर चणे चढवायचे, टोपी घालायची आणि झाऊच्या झाडांखालून खाली जाऊन छातीभर पाण्यात उभं राहायचं. पोहायचं कोणी नाही. ते काम मासळीचं. आपण गोल करून उभ्या राहतो ते हाडांसाठी, आणि हाडं तेवढ्या वेळात काही मोकळी होत नाहीत म्हणून बोलतो. या गावात जे काही ठरलं ते त्या पाण्यात ठरलं. कोणाची मुलगी कोणाला द्यायची, कोणत्या पाद्र्याची बदली मागायची, धक्का कुठे बांधायचा. गावचा प्रमुख नुसता सह्या करायचा, आणि सही चुकली तर त्याच्या बायकोला दुसऱ्या दिवशी पाण्यात जाब द्यावा लागायचा. आता तिथे वारा असतो, झांबेताला ऐकू कमी येतं, आणि बोलणं गोलातल्या या टोकाकडून त्या टोकाला जायचं असतं. तेव्हा आवाज चढा लागतो. त्यात कोणाला वावगं वाटल्याचं मला तरी आठवत नाही.

तर गेल्या वर्षी मार्चात कोणी एक परदेशी गृहस्थ पाठीवर पिशवी घेऊन इथे येऊन गेला. आला नेमका आपली मारिगो गेली त्या दिवशी. सगळं गाव तिला पोचवायला टेकडीवर. दुकान बंद, होड्या बांधलेल्या, खाली चिटपाखरू नाही. हा आपला वाळूवर बसला, संत्रं सोलून खाल्लं (साली तिथेच टाकल्या, मी नंतर उचलल्या), आणि परत जाऊन त्याने जगाला कळवलं की लिगारिया हा एजियन समुद्रातला सर्वांत शांत किनारा आहे, तिथे लाटेखेरीज दुसरा आवाजच नाही. मारिगोने हे ऐकलं असतं तर ती शवपेटीतून उठून बसली असती. सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता.

झालं. जूनपासून माणसं येऊ लागली. येऊ देत, समुद्र काही माझ्या बापाचा नाही. पण पांदेलिसचा फैदोन अथेन्सहून हॉटेलाचं शिकून आलाय, त्याने बापाच्या जुन्या जाळीघराच्या खोल्या केल्या. (वन्सं, ज्या जाळीघरात मांजरसुद्धा नाक मुरडत होतं, तिथे आता पांढरे पडदे आहेत.) पुढे खाटा, त्यांवर छत्र्या, आणि वाटेच्या तोंडाशी लाकडी पाटी: ‘शांतता राखा’. पाच-सहा भाषांत लिहिलं आहे आणि आपली भाषा सर्वांत खाली, बारीक अक्षरांत, चष्मा लावल्याशिवाय दिसणार नाही अशी. पाण्यात कोणी चष्मा लावून जात नाही, म्हणून मी ती वाचलेलीच नाही असं मी आजही सांगते.

एके दिवशी आम्ही पाद्रीबाईंच्या नव्या सुनेवर बोलत होतो. म्हणजे मी बोलत होते आणि झांबेता मान हलवत होती. तेवढ्यात खाटेवरची एक बाई पुस्तक खाली ठेवून पाण्याच्या कडेपर्यंत आली आणि माझ्याकडे बघून तिने ओठांवर बोट ठेवलं. माझ्याकडे बघून! सासूबाई बारा वर्षं माझ्या उरावर होत्या, पण ओठांवर बोट त्यांनीही कधी ठेवलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि छातीभर पाण्यात असूनही विझली नाही. थोड्या वेळाने फैदोन पाटलोण गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात आला.

“मावशी, ही माणसं शांततेसाठी इतक्या लांबून येतात हो. जरा हळू बोलाल का?”

“अरे फैदोन,” मी म्हटलं, “तुझ्या आईला कळा लागल्या त्या याच पाण्यात. ती तेव्हा हळू ओरडली नव्हती.”

तो लाजला, पण पाटी काही काढली नाही.

मी तशीच ओल्या झग्यात प्रमुखाकडे गेले. तो म्हणाला, किनारा सगळ्यांचा आहे, तुम्हाला कोणी हटवू शकत नाही, पण मोस्खूलाबाई, तुम्ही पहाटे उजाडताना जाऊन येत चला ना. मी म्हटलं, पहाटे काय बोलणार, तोवर गावात काही घडलेलं तरी असतं का? मग पाद्रीबाबांकडे गेले. ते म्हणाले, मौन हा फार मोठा गुण आहे. (त्यांच्या सुनेबद्दल काय बोलणं चाललं होतं ते त्यांच्या कानांवर गेलं असावं.) शेवटी तुमच्या बंधूंकडे गेले. एवढी वर्षं ज्या आवाजावर या माणसाने होडीतून जेवायला वेळेवर यायचं साधलं, धुक्यात ज्या आवाजाच्या रोखाने होडी घरी आणली, त्या आवाजाची बाजू हा घेईल असं मला वाटलं. तो कॉफीचा घोट घेऊन म्हणाला, “आवाज मोठा आहे हे खरंच आहे.” सगळं दुकान हसलं. त्या दिवशी घरात मी चकार शब्द काढला नाही, आणि तुमच्या भावाच्या ते संध्याकाळपर्यंत लक्षातही आलं नाही.

मग मी ठरवलं, शांतता पाहिजे ना, घ्या शांतता. दुसऱ्या दिवशी झांबेताला समजावलं की आज बोलायचं नाही. (ते समजावण्यात निम्मी सकाळ गेली आणि खाटांवरची झाडून सगळी माणसं जागी झाली.) मग दोघी नेहमीच्या जागी पाण्यात उभ्या राहिलो, पण तोंडं किनाऱ्याकडे करून. हाताची घडी, डोक्यावर टोप्या, आणि नजर त्या पुस्तकवालीवर. नुसतं बघत राहिलो. लोक अस्वस्थ झाले. कोणी कूस बदलली, कोणी छत्री आडवी घेतली, एक जोडपं तर चंबूगबाळं आवरून निघून गेलं. मला वाटलं, आता यांना पळता भुई थोडी होईल.

कसलं काय. तिसऱ्या दिवशी ती पुस्तकवालीच पाण्यात आली, माझ्या शेजारी उभी राहिली, डोळे मिटले आणि तिने लांब श्वास सोडला. मग दुसरी आली. मग एक दाढीवाला. बघता बघता आमच्याभोवती गोल झाला, सगळे छातीभर पाण्यात, सगळे मुके. एक धिप्पाड बाई रडायला लागली. मी तिला माझा रुमाल दिला, तो अर्थातच ओला होता, तरी तिने तो काळजाशी धरला. बाहेर आल्यावर फैदोनने त्यांचं बोलणं मला उलगडून सांगितलं: म्हणे माझ्या मौनात त्यांना काहीतरी पुरातन जाणवलं. वन्सं, त्या वेळी माझ्या डोक्यात चणे होते, आणि ते खरोखरच करपले.

आता चार गावांतून लोक येतात. फैदोनने पाटी बदलली. नव्या पाटीवर ‘मौनस्नान’ असं लिहिलंय, आणि या खेपेला आपली भाषा वरच्या ओळीत आहे. मला म्हणतो, मावशी, रोज याच वेळेला या, नुसतं उभं राहायचं, दुपारचं जेवण माझ्याकडे. जन्मभर घसा फोडून मी या गावाला शहाणपण सांगितलं, तेव्हा कोणी लिंबाचं सरबतसुद्धा पाजलं नाही. आता तोंडाला कुलूप लावलं तर भरली वांगी मिळतात. याला काय म्हणावं ते तुम्हीच सांगा. (आत्ता नको. अजून मी बोलते आहे.)

पण एक गोष्ट सांगते, आणि हे तुमच्या बंधूंना कळवू नका. गप्प उभं राहिल्यावर माझ्या लक्षात आलं की मला गप्प राहणं फार काही जड गेलं नाही. पूर्वी एकीने श्वास घेतला की दुसरी सुरू व्हायची, मधे सुई घालायला जागा नसायची. आता मारिगो गेली. पोस्टमास्तरांची बायको पिरेअसला लेकीकडे असते, तिथून रविवारी फोन करते. झांबेता मी काहीही म्हटलं तरी मान हलवते. मी म्हटलं, पाऊस पडणार, मान हलवते. मी म्हटलं, नाही पडणार, तरी हलवते. दोन उन्हाळे झाले, मी प्रत्येक वाद जिंकते आहे, आणि माझा जीव रडकुंडीला आलाय. त्या मेल्या प्रवाशाने शांत किनारा म्हणून लिहिलं तेव्हा मी गावभर त्याला खोटारडा म्हणत फिरले. पण माणूस तितकंसं खोटं बोलला नव्हता, हे मला सलतं.

असो. संताप फार झाला, चणे पुन्हा चढवायचे आहेत. जावईबापूंना नमस्कार, नातवंडांचे गालगुच्चे. तुमच्याकडून काही मागण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, एवढं ध्यानात ठेवा.

तुमची भावजय,
मोस्खूला

ता. क. ऑक्टोपसचं म्हणाल तर त्यात पाणी घालत नाहीत. तो आपल्याच अंगच्या पाण्यात शिजतो. तुम्ही जहाजावर चढलात त्या सकाळी पाण्यात उभ्या राहून ‘एक पेला तरी घालावाच लागतो, कारण’ एवढं म्हणालात, तेवढ्यात भोंगा झाला आणि ओल्या केसांनी धावत सुटलात. सासूबाई गेल्या तेव्हा आलात, पण तो जानेवारी होता आणि तो विषय काढण्याची ती वेळ नव्हती. तुमचं ते ‘कारण’ अजून तिथे तसंच लटकलं आहे.

ता. क. दुसरा. आपल्या घराचा बाहेरचा जिना तुमच्या गुडघ्यांना झेपणार नाही, हे मला ठाऊक आहे. फैदोनच्या खोल्यांपैकी एक अगदी वाळूला लागून आहे. उंबरा ओलांडला की पाणी. ती खोली पुढचा सबंध उन्हाळा तुमच्यासाठी राखायची, आणि त्या बदल्यात मी हा मोसम संपेपर्यंत रोज मुक्याने उभं राहायचं, असं आमचं ठरलं आहे. हो, मी कबूल झाले. हसू नका. पुढच्या मोसमात मी गप्प राहीन का, हे त्याने विचारलं नाही, आणि मीही काही बोलले नाही. गप्प राहायची आता सवय झाली आहे.

ता. क. तिसरा. तुमची टोपी खुंटीवर आहे, पण उंदरांनी तिची कड खाल्ली, तेव्हा नवी आणा. आणि ऑक्टोपसचं उत्तर पत्रातून पाठवू नका. पत्रात मला मधे बोलता येत नाही.